मुरवण्यानं घेतलेलं वादळ

वादळ हवं की नको, असं विचारायला कुणी आपल्या दारात येईल, हे मुरवणे गावात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. वादळं येत, घरांची कौलं नेत, माडांचे शेंडे मोडत आणि निघून जात. त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

मे महिना संपत आला होता. घराघरांत मुंबईची पाहुणेमंडळी होती. पडव्यांत शेवटचे आंबे पसरले होते. मासेमारी बंद व्हायचे दिवस जवळ आले म्हणून पुरुष माणसं होड्या वर ओढत होती आणि बायका वाळूवर जवळा सुकवत होत्या. सरपंच हर्षदा मेथर त्याच बायकांत होती. तिचा नवरा मालवाहू जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने दूर कुठल्या तरी समुद्रात. मुलगी मृण्मयी कासारबंदरला नर्स. घरी एकटीच असल्यामुळे म्हणा किंवा स्वभावामुळे म्हणा, हर्षदानं सगळं गावच घरासारखं अंगावर घेतलं होतं.

गावामागच्या सड्यावर, उंच कातळपठारावर, हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा तिला वाटलं, कुणी मंत्री असेल. पण पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून एकच माणूस आला. सडपातळ, पन्नाशीचा, पायात साध्या चपला, पाठीला पिशवी. त्यानं स्वतःच हर्षदाला शोधून काढलं.

"मी डॉ. इम्तियाज काझी. समुद्र-संशोधन केंद्रातून आलोय. मूळचा दापोलीकडचा," तो म्हणाला. "सरपंचबाई, थोडं बसून बोलायला हवं. आणि वेळ फार नाही."

पंचायतीच्या खोलीत त्यानं टेबलावर पडदा उघडला. अरबी समुद्राच्या मधोमध एक पांढरं चक्र फिरत होतं. त्याचं नाव नौरा. बातम्यांत दोन दिवस तेच चाललं होतं. ते उत्तरेला सरकतंय आणि वाढतंय, एवढं हर्षदाला ठाऊक होतं.

"वादळाचं इंधन म्हणजे गरम पाणी," काझी सांगू लागले. "समुद्राचा वरचा थर तापलेला असतो, त्याची वाफ वर चढते आणि वादळ पोसतं. पण निसर्गानं एक सोय करून ठेवली आहे. वादळाचा वारा समुद्र घुसळतो, तळातलं गार पाणी वर येतं आणि वादळाची चूल थोडी थंड होते. बहुतेक वादळं अशी आपोआप आवरली जातात. हा तांबडा डाग दिसतो? इथे समुद्रात एक मोठा भोवरा आहे. त्यात गरम पाणी शंभर मीटर खोलपर्यंत भरलेलं आहे. कितीही घुसळलं तरी खालून गरमच वर येणार. नौरा परवा या भोवऱ्यावरून जाईल. गेलं, तर एका दिवसात दुप्पट ताकदीचं होईल. आणि मग सरळ कासारबंदरवर."

हर्षदाला मृण्मयी आठवली. तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

कासारबंदर म्हणजे रायगडच्या एका खाडीत भराव घालून वसवलेलं नवं शहर. गोदी, कारखाने, कामगारांच्या चाळी. खाडी तोंडाशी रुंद आणि आत निमुळती होत गेलेली, नरसाळ्यासारखी. वादळ समुद्राचं पाणी ढकलत आणतं तेव्हा ते अशा खाडीत चेपलं जातं आणि भिंतीसारखं उभं राहतं. शहरात माणसं लाखांनी, बाहेर पडायला पूल एकच.

"किती बाहेर काढता येतील?" तिनं विचारलं.

"जितकी काढता येतील तितकी काढायला सुरुवात झाली आहे. निम्मी निघाली तरी खूप झालं."

मग काझींनी पिशवीतून जाड कापडाची गुंडाळी काढली. ती होती एका लांबलचक नळीची टोकाकडची फूटभर पट्टी. त्यांनी ती तिच्या हातात दिली. या नळ्या समुद्रात उभ्या टांगायच्या. वरच्या टोकाला तरंगणारा डबा, खाली झडप. लाट डब्याला उचलते, झडप मिटते आणि नळीतलं गार पाणी वर ओढलं जातं. लाट उतरली की झडप उघडून नळीत खालून नवं पाणी शिरतं. इंजिन नाही, तेल नाही. वादळ जवळ येतं तशा लाटा उंच होतात आणि नळ्या जास्त जोरानं पाणी ओढतात. वादळाच्याच लाटा त्याच्या चुलीवर पाणी ओततात. अख्खा समुद्र थंड करणं माणसाच्या हातात नाही. पण तो एकच भोवरा थोडा निववता येतो. जहाजं नळ्या घेऊन तिथे पोचलीही होती.

"मग करा की," हर्षदा म्हणाली. "माझ्याकडे कशाला आलात?"

काझींनी पडद्यावर बोट फिरवलं. पांढऱ्या चक्रापुढची रेघ उत्तरेला जायची ती वाकली, पूर्वेला वळली आणि किनाऱ्याला टेकली. तिथे मुरवणे होतं.

"जोरदार वादळ फार उंच असतं," ते हळू आवाजात म्हणाले. "आभाळात खूप वर जे वारे वाहतात ते त्याला ओढून नेतात. सध्या ते उत्तरेला वाहताहेत. वादळ अशक्त झालं की बुटकं होतं, मग त्याच्यावर खालच्या वाऱ्यांची सत्ता चालते. आणि खालचे वारे आत्ता पश्चिमेकडून तुमच्या अंगावर येताहेत."

आणखी सांगायची गरज नव्हती. वादळ संमती कायद्याबद्दल हर्षदानं सरपंचांच्या शिबिरात ऐकलं होतं. कुठल्याशा परदेशात असंच एक वादळ निववलं आणि ते ज्यांना खबरही नव्हती अशा बेटांवर जाऊन आदळलं. त्यानंतर देशोदेशी ठरलं की, ज्या किनाऱ्यावर वादळ वळेल त्या किनाऱ्याला आधी विचारायचं. तो नाही म्हणाला तर हात लावायचा नाही. शिबिरात हे ऐकताना तिला जांभई आली होती.

"आसपासची गावं?"

"दोन्ही बाजूंच्या गावांत माझे सहकारी गेलेत. पण मधला मार तुमच्यावर. तुम्ही नाही म्हणालात तर त्यांच्या हो म्हणण्याला अर्थ नाही. सूर्य मावळायच्या आत उत्तर लागेल."

ग्रामसभेची हाळी फिरवायला माणूस पाठवून हर्षदा मागच्या अंगणात गेली आणि तिनं मृण्मयीला फोन लावला. पलीकडे गडबड ऐकू येत होती, कुणीतरी खाट ढकलत होतं.

"आई, पटकन बोल. आम्ही तळमजल्यावरचे पेशंट वर हलवतोय. बाळंतिणींचा वॉर्ड खालीच आहे."

"तू निघू शकत नाहीस?"

"कशी निघू? इथे एकेका बाईला दोघींनी उचलावं लागतंय."

हर्षदानं तिला सगळं सांगितलं. 

"आई," मृण्मयी म्हणाली, "तू माझ्यासाठी गावाला आगीत ढकललंस असं कुणी म्हणता कामा नये. मला ते आयुष्यभर पुरेल. तुला काय करायचं ते कर, पण मला मध्ये धरू नकोस." आणि कुणीतरी हाक मारली म्हणून तिनं फोन ठेवला.

शाळेचं सभागृह पाखाडीच्या वरच्या अंगाला होतं. बघता बघता ते भरलं. पुढच्या रांगेत पुंडलिक मेथर बसले होते, हर्षदाचे थोरले दीर आणि मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. सगळं गाव त्यांचं ऐकायचं. बारा वर्षांपूर्वी असंच एक वादळ अचानक फुगलं होतं, त्यात त्यांचा मुलगा रोहिदास होडीसकट गेला. तेव्हापासून ते कमी बोलत. आणि हर्षदाशी तर त्याहून कमी, कारण पहिल्या निवडणुकीत ती त्यांच्याविरुद्ध उभी राहिली होती.

काझींनी गावाला तेच सगळं पुन्हा सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. सभागृहात कुजबुज वाढत गेली. मागून कुणीतरी म्हणालं, "शहराचां संकट आमच्या माथ्यार कित्याक?" त्याला दहा जणांनी दुजोरा दिला.

हर्षदा उठली. ती टेबलापुढे येऊन उभी राहिली.

"बोलायच्या आधी एक गोष्ट सांगते," ती म्हणाली. "माजां चेडू कासारबंदरात आसा. इस्पितळात, तळमजल्यार. तुमच्यातल्या पुष्कळांका म्हायत आसा, पण मी माझ्या तोंडान सांगूक व्हया. आज मी खुर्चीत बसून काय बोललंय, तर ती सरपंच बोलता की आवस बोलता, तां माकाच कळाचां नाय. म्हणान मी आज खुर्ची सोडतंय. मतही देवचंय नाय." ती पुंडलिकांकडे वळली. "भावजी, सभा तुमी चालवा."

 पुंडलिकांनी मान वर केली. आपल्या भावजयीकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले. ती आपल्याला अडकवतेय की काय, असा पहिला विचार त्यांच्या मनात आला असणार. मग तो गेला असणार. कारण ते उठले तेव्हा त्यांचा आवाज मऊ होता.

"डॉक्टर," त्यांनी विचारलं, "ह्यां वळतलां म्हणतास. खात्री कितकी?"

"दहापैकी सात वेळा," काझी म्हणाले. "तीन वेळा आमचा अंदाज चुकू शकतो. त्यांपैकी एखाद्या वेळी असंही होईल की वादळ पुरेसं निवणार नाही आणि तरीही तुमच्याकडे येईल. ते मी नाकारत नाही."

"आणि निवलां तरी आमचां काय जातलां?"

"किनाऱ्यावरची आळी. ती वाचेल असं मला वाटत नाही. माड, जेट्टी, आणि होड्या वर चढवता आल्या नाहीत तर त्याही. समुद्र तुमच्या दारात येईल. पण मागे हा सडा उभा आहे. पाणी तो चढू शकत नाही. माणसं वर गेली तर माणसं राहतील."

"थंयची?"

काझींना प्रश्न कळायला क्षणभर लागला. "तिथे सडा नाही," ते म्हणाले.

पुंडलिकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि ते खिडकीपाशी गेले. खिडकीतून खालचा समुद्र दिसत होता, सपाट, उन्हात चमकणारा. बोलले ते खिडकीकडेच तोंड करून, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"रोहिदास गेलो तेवा मी धा जागी इचारलंय. कोणाकच आधी म्हायत नव्हतां. कोणावर राग काडू? म्हणान मी समुद्रार राग काडलंय." ते थांबले. "आता म्हायत आसा. मी नाय म्हटलंय, तर थंयच्या बापसांनी राग कोणार काडूचो?"

 आळीतल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. घर कोणाचं जाणार हे त्यांना नेमकं माहीत होतं. त्यांच्यातली सुमनताई तारी, जिचं घर वाळूला सगळ्यांत जवळ, ती आधी उभी राहिली.

"माजां घर पयलां जातलां," ती म्हणाली. "म्हणान मी पयली सांगतंय. घेवया. पण एक अट. ह्ये डॉक्टर हेलिकॉप्टरान परत जावचे नाय. वादळ सरेपर्यंत हंयच रवतले, आमच्याबरोबर."

काझी हसले नाहीत आणि विचारातही पडले नाहीत. "मी रात्रीचे कपडे घेऊनच आलोय," ते म्हणाले. "तुम्ही नाही म्हणाला असतात तरी थांबणार होतो. माझा अंदाज चुकला तर कुठे चुकला ते बघायला."

हात वर झाले. सगळे नाही. सात-आठ जण उठून बाहेर गेले, त्यांत हर्षदाचा सख्खा चुलतभाऊही होता आणि तो पुढे बरेच महिने तिच्याशी बोलला नाही. पण सभागृहात हातच हात दिसत होते. शेजारच्या गावांचे होकारही आले होते. काझींनी फोनवर चार शब्द उच्चारले, आणि दूर समुद्रात जहाजांनी नळ्या सोडायला सुरुवात केली.

त्यानंतर मुरवण्यानं जे काम केलं ते हर्षदा कधी विसरली नाही. पाहुण्यांना आधी परत धाडलं. अर्धे गेले, अर्धे राहून कामाला लागले. होड्या एकेक करून ट्रॅक्टरनं, दोरखंडांनी, माणसांच्या खांद्यांनी पाखाडीच्या वर गेल्या. म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून वर नेलं. गुरं सोडली. शाळेत चुली मांडल्या. पुंडलिक आणि हर्षदा ते दोन दिवस एकमेकांना हुकूम देत होते आणि ऐकत होते, जणू वर्षानुवर्षं तेच करत आले आहेत. काझी अधूनमधून फोनवरून भोवऱ्याचं तापमान विचारत आणि आकडा सांगत. तो अर्ध्या अंशानं उतरला तेव्हा त्यांनी खांद्यावरची होडी ओढायची दोरी सोडली नाही, पण त्यांचे डोळे भरून आले. मग आणखी अर्धा अंश. मग जवळजवळ दोन. नौराचं चक्र पडद्यावर विस्कटू लागलं, आणि रेघ वाकली.

सभेनंतर तिसऱ्या दिवशी दुपारीच अंधारून आलं. वादळ आलं ते जसं सांगितलं होतं तसंच आलं, अशक्त. आणि अशक्त वादळ म्हणजे काय ते मुरवण्यानं बघितलं. सड्यावरच्या शाळेत सगळं गाव भिंतींना पाठ लावून बसलं होतं. वाऱ्याचा आता आवाज वाटत नव्हता, नुसता भार वाटत होता. छपराचे पत्रे फुगत आणि बसत. लहान मुलं आधी रडली, मग रडून दमली. एकदा मोठा कडकडाट झाला आणि खालून कसलातरी लांब, ओला घरघराट ऐकू येऊ लागला. तो समुद्र होता, आळीतून फिरणारा. सुमनताई कान देऊन ऐकत होती. "गेलां," ती म्हणाली, एकदाच. हर्षदानं तिचा हात धरला. तिचं स्वतःचं घर आळीत शेवटचं होतं. तेही वाचलं नसणार, हे तिला त्याच वेळी कळलं.

पाणी सडा चढलं नाही.

वारा पडल्यावर सगळे बाहेर आले. खाली आळी नव्हती. नुसती पडझड असती तर माणसांनी उचलून बांधली असती. पण समुद्रानं जमीनच नेली होती. जिथे अंगणं होती तिथे आता लाटा होत्या, आणि पुन्हा कधी तिथे घर उभं राहणार नव्हतं. माड आडवे झाले होते. जेट्टीचा एक खांब उभा होता. माणसं मात्र सगळी होती; पुंडलिकांनी घरागणिक मोजली, आणि मग पुन्हा मोजली.

पुढचे दिवस कठीण गेले. वर सड्यावर तंबू लागले, मदत आली, माणसं आली, फोटो काढून गेली. दोन दिवस गावाचं नाव बातम्यांत होतं, मग दुसरी बातमी आली. कासारबंदरला थोडा पाऊस पडला आणि झाडांच्या फांद्या मोडल्या. तिथल्या काही लोकांनी तक्रार केली की विनाकारण गोदी बंद ठेवली. ते कानावर आलं तेव्हा मुरवण्यातही लोक विचारू लागले: खरंच तिकडे काही होणार होतं का? की आपण उगाच घरं घालवली?

काझी निघायच्या आधी एक नकाशा घेऊन पुंडलिकांकडे आले. नळ्या सोडल्या नसत्या तर कासारबंदरात पाणी कुठवर चढलं असतं, ते त्यात निळ्या रंगानं दाखवलं होतं.

पुंडलिकांनी तो हातात घेतला नाही. "झालां नाय त्याचो नकाशो कसलो?" ते म्हणाले. "डॉक्टर, तुमच्यार माजो इस्वास आसा. पण माका कागद नको. माका तां शहर बघूचां आसा."

म्हणून जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर हर्षदा आणि पुंडलिक एसटीनं कासारबंदरला गेले. मृण्मयीनं त्यांना इस्पितळ दाखवलं. तळमजल्यावर बाळंतिणींचा वॉर्ड पुन्हा मांडला होता. खाटा, पाळणे, दुपट्यांच्या घड्या. एका खाटेवरची बाई त्यांच्याशी बोलू लागली. ती त्या गडबडीतच बाळंत झाली होती, काही त्रास झाला म्हणून अजून इथेच होती.

"वादळ येणार म्हणून आम्हाला तिसऱ्या मजल्यावर नेऊन कोंडलं," ती म्हणाली. "आलं कुठे? वळलं म्हणे. वादळांचं काय, वळतात." मग पाहुण्यांचा विचार करून तिनं विचारलं, "तुमच्याकडे आलं होतं का?"

हर्षदानं पुंडलिकांकडे पाहिलं. त्यांना सांगायचं असेल तर त्यांनी सांगावं.

"होय, इल्लां," पुंडलिक म्हणाले. "जरा लागलां. आता बरां आसा." आणि वाकून पाळण्यातल्या बाळाकडे बघत राहिले.

बाहेर पडल्यावर ते पुलावर गेले. शहरातला तो एकच पूल. खाली खाडीचं गढूळ पाणी, वर शाळा सुटलेली. दप्तरांची, छत्र्यांची, सायकलींची गर्दी दोन्हीकडून वाहत होती. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, गोदीतून सुटलेले कामगार, कुणी फोनवर भांडत, कुणी वडापाव खात. पुंडलिक पुलाच्या मधोमध उभे राहून एकेका चेहऱ्याकडे बघत होते. शेजारी उभ्या हर्षदाला वाटलं, पुन्हा मोजताहेत की काय.

मागून सायकलची घंटी वाजली. "ओ काका, रस्त्यात काय उभे राहिलात?" एका मुलीनं वैतागून विचारलं.

पुंडलिक हसले. रोहिदास गेल्यापासून हर्षदानं त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. त्यांनी तिचा दंड धरून तिला कठड्याकडे ओढलं.

"बाजूक हो गे हर्षदा," ते म्हणाले. "जावंदे त्यांका."